मडगार्डची दुमड वळवायची आहे? पुढची घरी, मागची कारागिराकडे

नवे अलॉय बसले, गाडी जरा खाली आली, दोन दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये फोटो काढून झाले. तिसऱ्या दिवशी घरातल्या चौघांना आणि त्यांच्या बॅगांना घेऊन खंबाटकी चढताना मागून ‘खर्र्’ आवाज आला. मोठे टायर टाकणाऱ्या जवळपास प्रत्येकाने तो कधी ना कधी ऐकलेला असतो. टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासतोय. त्यावर मित्रमंडळी एकच सल्ला देतात, ‘फेंडर रोल करून घे.’ हे काम करायचं कसं, त्यातलं घरी किती जमतं आणि पैसे कुठे मोजावेत, हे पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी लिहितोय. मी स्वतः एकदा नीट आणि एकदा चुकीचं केलंय. चुकलेल्याचं जास्त सांगेन.

रोलिंग म्हणजे नेमकं काय

चाकाच्या कमानीखाली बोट घाला. बाहेरचा पत्रा कडेला येऊन आत काटकोनात वळलेला लागेल. ही दुमड गाडीनुसार साधारण १० ते २० मिलिमीटर रुंद असते. ती हौसेखातर ठेवलेली नसते. बॉडीचा पत्रा जेमतेम ०.७ मिलिमीटरच्या आसपास जाड असतो, त्याच्या कडेला ताठपणा येतो तो या दुमडीमुळे. टायर जेव्हा वर येतो तेव्हा याच पट्टीच्या धारेवर घासतो. ती पट्टी वर, आतल्या अंगाला झोपवायची, म्हणजे फेंडर रोलिंग.

याने जागा मिळते ती फार तर त्या पट्टीच्या रुंदीएवढी. त्याहून जास्त हवी असेल तर अख्खी कमानच बाहेर ओढावी लागते. त्याला पुलिंग म्हणतात आणि ते या लेखातलं काम नाही. ग्राइंडरने दुमड कापून टाका असं सांगणारेही भेटतील. त्यांना चहा पाजा आणि विषय बदला. कापलेल्या कडेचा ताठपणा जातो, उघड्या धारेला गंज धरतो, आणि मागच्या चाकाला तर दोन पत्रे जोडणारे वेल्डच उडतात.

आधी घासतंय कुठे ते शोधा

बरेच जण इथेच घाई करतात. आवाज आला की दुमडच दोषी असं गृहीत धरतात. पण स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढून आवाज येत असेल, तर टायर बहुधा कमानीच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला (लायनरला) किंवा बंपरच्या कोपऱ्याला लागतोय. तिथे रोलिंग करून काही उपयोग नाही. टायर आतल्या बाजूने शॉकअब्झॉर्बरला घासत असेल तर ती रिमच्या ऑफसेटची भानगड आहे, म्हणजे रिमची गाडीला टेकणारी बाजू त्याच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर सरकलेली आहे त्याची.

शोधायची पद्धत सोपी. टायरच्या बाहेरच्या खांद्यावर पांढऱ्या खडूने जाड पट्टा ओढा. दुमडीच्या आतल्या बाजूला मुलांची क्ले पेन्सिलीएवढ्या जाडीच्या वळ्या करून चिकटवा. आमच्या घरात क्ले नव्हती, म्हणून मी घट्ट मळलेली कणीक घेतली. ‘पोळ्यांची कणीक गाडीला?’ एवढंच आई म्हणाली आणि परात उचलून आत गेली. मग गाडीत चौघांना बसवा, डिकीत सामान भरा आणि ओळखीच्या खराब रस्त्यावरून, दोन-चार स्पीडब्रेकरवरून हळू फिरवून आणा. परत आल्यावर खडू कुठे पुसलाय आणि वळी किती चपटी झाली ते बघा. वळी तीन मिलिमीटर उरली असेल तर तिथे तीनच मिलिमीटर मोकळे आहेत. ती पूर्ण खरवडून गेली असेल तर दुखणं तिथेच आहे. एकटे बसून फिरवलेल्या गाडीचा काही भरवसा नसतो, मागचं सस्पेन्शन खरं दबतं ते माणसं बसल्यावर.

आता रिमचा हिशेब मांडा. समजा मूळ रिम ६ इंच रुंद, ऑफसेट म्हणजे ईटी ४५. नवा रिम ७ इंच, ईटी ३५. रुंदी एक इंच वाढली, तिचा अर्धा भाग म्हणजे १२.७ मिलिमीटर बाहेर गेला. ऑफसेट १० ने कमी झाला, तेवढं चाक आणखी बाहेर सरकलं. एकूण २२.७ मिलिमीटर. एवढं अंतर दुमड झोपवून भरून निघणार नाही. त्याऐवजी ईटी ४२ चा रिम घेतला असता तर त्यातले सात मिलिमीटर वाचले असते. दुकानदार ‘बसतो साहेब’ म्हणतो तेव्हा तो फक्त नट बसतात एवढंच सांगत असतो.

टायरच्या बाबतीतही तसंच. १८५/६५ आर१५ टायरचा एकूण व्यास ६२१.५ मिलिमीटर येतो. १९५/५५ आर१६ चा येतो ६२०.९, म्हणजे जवळजवळ तेवढाच. पण २०५/५५ आर१६ घेतला की ६३१.९, म्हणजे दहा मिलिमीटरने मोठा आणि वर रुंदही. एक माप खाली उतरलात तर कदाचित पत्र्याला हातच लावावा लागणार नाही. चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या म्हणजे स्पेसर लावले असतील तर ते आधी काढून बघा. कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा कल बदलून मागचं चाक आत झुकवू, असं वाटत असेल तर आपल्या बहुतेक हॅचबॅकना मागे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा टॉर्शन बीम असतो, त्यात कॅम्बरला जागच्या जागी ॲडजस्टमेंट नसते.

कायद्याचं दोन ओळीत

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीतल्या नोंदींशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आतली दुमड झोपवल्याने आरसीवर काही बदलत नाही. पण ज्या टायरांसाठी हा खटाटोप चाललाय ते कमानीबाहेर डोकावत असतील तर रस्त्यावर हात दाखवून थांबवलं जाईल. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा. क्लेमच्या वेळी सर्व्हेअरला तो आयता सापडण्यापेक्षा आधी सांगितलेला बरा.

पुढचं आणि मागचं सारखं नाही

पुढचं मडगार्ड हा एकेरी पत्रा असतो आणि तो बोल्टवर बसवलेला असतो. काम पार बिघडलं तरी तो सोडवून नवा बसवता येतो, रंगही त्या एकाच तुकड्याला द्यावा लागतो. मागच्या कमानीचं तसं नाही. तिथे बाहेरचा पत्रा हा क्वार्टर पॅनल असतो. तो वर छताच्या खांबापर्यंत सलग गेलेला आणि बॉडीला वेल्ड केलेला असतो. चाकाच्या कमानीत तो आतल्या पत्र्याला भिडतो, तिथे दोन्ही मिळून दुमड होते आणि फटीत सीलर भरलेला असतो. ही दुहेरी दुमड जड जाते. वळवताना सीलरला तडा गेला की फटीत पाणी शिरतं आणि गंज आतून सुरू होतो, दोन पावसाळे उलटेपर्यंत बाहेरून काहीच दिसत नाही. रत्नागिरी-मालवण किंवा गोव्याच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

शिवाय पुष्कळ गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाकडून टाकीकडे जाणारी नळी एका बाजूच्या मागच्या कमानीतूनच, लायनरच्या आडून जाते. तिथे अनोळखी हाताने हीट गन फिरवायची नाही.

म्हणून माझा हिशेब असा: पुढची दोन घरी करून बघा, मागची दोन पैसे देऊन करून घ्या. आणि घासणं फक्त मागेच असेल, जे बहुतेकदा असतंच, तर घरच्या घरी करण्यासारखं काही उरत नाही हेही मान्य करा.

अशा काही गाड्या असतात ज्यांना घरी हातच लावू नये. चुंबक घ्या, पातळ कापडात गुंडाळा आणि कमानीच्या कडेने फिरवा. चिकटलाच नाही तर ते बहुधा प्लास्टिक आहे, ते रोल होत नाही. कुठे पकड ढिली वाटली तर तिथे लांबी (पुटी) भरलेली आहे, म्हणजे गाडी कधीतरी ठोकलेली आहे. सेकंडहँड गाडीत हे सर्रास निघतं. लांबी वाकत नाही, तुकडे होऊन पडते. कंपनीचा रंग भट्टीत साधारण १४० अंशांना भाजलेला असतो आणि ऊब दिली की बऱ्यापैकी लवचिक राहतो. गॅरेजमध्ये दिलेला जाड रंग तेवढा वाकत नाही.

सामान

हबवर, म्हणजे चाक जिथे बसतं त्या मधल्या भागावर, बसणारा फेंडर रोलर हवा. एक प्लेट, तिच्यावर लांबी कमी-जास्त होणारा दांडा आणि टोकाला पॉलीयुरेथेनचं रूळ. प्लेटची भोकं तुमच्या पीसीडीला, म्हणजे चाकाच्या नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा मिलिमीटरमधला व्यास यांना, जुळतात का ते आधी विचारा. स्विफ्टला ४×१००, पोलोला ५×१००. पोलोसारख्या फोक्सवॅगनच्या गाड्यांच्या हबवर नट चढवायचे स्टड नसतात, चाक बोल्टने बसतं. त्यामुळे प्लेटच्या जाडीला पुरतील एवढ्या लांबीचे बोल्ट वेगळे जमवावे लागतात. हे मला चाक काढून जमिनीवर ठेवल्यावर कळलं. रोलर विकत घेऊ नका. आयुष्यात दोनदा लागणारी वस्तू आहे, कुणाकडून तरी भाड्याने किंवा उसनी मिळते.

बाकी हीट गन, इन्फ्रारेड थर्मामीटर, खरा हायड्रॉलिक जॅक, जॅक स्टँड, टॉर्क पाना, टूथब्रश, झिंक प्रायमर, सीम सीलर, टच-अप रंग. थर्मामीटर ‘असला तर बरा’ या यादीतला नाही, का ते खाली येईलच. परदेशी व्हिडिओंत टायर आणि दुमडीच्या मधे बेसबॉलची बॅट अडकवून गाडी मागेपुढे ढकलताना दिसतात. आपल्याकडे कुणी स्टंप वापरतं, कुणी पाइप. दाब कुठे किती पडतोय याचा काहीच अंदाज राहत नाही आणि कमानीला नागमोडी लाटा येतात.

पुढच्या चाकाचं काम, क्रमाने

१. दुपार निवडा, शक्यतो उन्हाळ्याची. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड. नट जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करा. मग जॅकने उचला, मॅन्युअलमधल्या जागी स्टँड लावा आणि गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवा. डिकीतला कात्री जॅक पंक्चरपुरता असतो, या कामाला तो नको.

२. चाक काढा. लायनरचे स्क्रू आणि क्लिपा दुमडीतच असतात, त्या काढून लायनर मागे सारा. ब्रेकचा होज आणि एबीएस सेन्सरची वायर कुठून जाते ते डोळ्यांत भरून घ्या, गनची हवा तिकडे जाता कामा नये.

३. दुमड टूथब्रशने घासून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. चिखलाचा एक खडा रुळाखाली राहिला तर तो पत्र्यात ठसा उमटवतो, आणि तो बाहेरून फोडासारखा दिसतो.

४. रोलर हबवर घट्ट बसवा. चाक लटकत असताना हब बराच खाली असतो, दांडा पुरत नाही. सस्पेन्शनच्या खालच्या आर्मखाली जॅक लावून हब थोडा वर घ्या. रूळ सुरुवातीला दुमडीला ४५ अंशांत टेकला पाहिजे, नुसता टेकला पाहिजे.

५. आता ऊब. इथे माझी गोष्ट.

डिसेंबरातली सकाळ होती, सात-सव्वासात. पार्किंग रिकामं मिळावं म्हणून लवकर उठलो होतो. उजवं मडगार्ड आदल्या रविवारी दुपारी मित्राच्या थर्मामीटरने मोजत मोजत केलेलं, नखाएवढाही ओरखडा नव्हता. त्यामुळे डावीकडे थर्मामीटर आणायला गेलोच नाही. हाताला गरम लागलं, म्हटलं झालं. दांडा दाबला, अर्धा हात सरकवला आणि ‘टिक्’ असा बारीक आवाज आला, पापड मोडल्यासारखा. थांबून बघितलं तर लाल रंगात चतकोर बांगडीएवढी केसासारखी रेघ. बोट फिरवलं तेव्हा रंगाचा एक खवला निघून नखाखाली गेला. बाहेरची बाजू गरम होती, पण आतली दुमड, जी खरी वाकणार होती, ती पहाटेएवढी गार होती.

तेव्हा मोजायचं कसं ते नीट सांगतो. गन १०-१५ सेंटिमीटर लांब धरा आणि सतत हलवत ठेवा. तिच्या तोंडाशी हवा ४००-५०० अंशांपर्यंत जाते, एका जागी थांबलात की रंगाला फोड येतात. एका वेळी वीतभर भागच घ्या. आधी आतली दुमड तापवा, मग बाहेरची बाजू. दोन्हीकडे ५५ ते ६५ अंश दिसले की रूळ फिरवा, ५० च्या खाली आले की थांबून परत तापवा. रंग तडकतो तो गार असताना. पत्र्याला या उबेची काही गरज नसते.

६. पहिल्या फेऱ्या हलक्या. कमानीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत दहा-पंधरा वेळा सावकाश फिरवा, मग दांडा पाव फेरा वाढवा, पुन्हा तापवा, पुन्हा फिरवा. हबचं केंद्र आणि कमानीचं केंद्र एक नसतं, त्यामुळे मधे दाब जास्त पडतो आणि टोकांना कमी. जागेप्रमाणे दांडा कमी-जास्त करावा लागतो. एका चाकाला दीड-दोन तास सहज जातात. वीस मिनिटांत झालं तर कुठेतरी दाब जास्त दिलाय.

७. दर दोन-तीन टप्प्यांनी उठा आणि बाहेरून बघा. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब कमानीवर पडेल असे उभे राहा. रेघ सरळ हवी. ती नागासारखी वळायला लागली तर पत्रा बाहेर फुगतोय, तिथेच थांबा.

८. पूर्ण सपाट करण्याचा हट्ट धरू नका. दुमड ४५ ते ६० अंश वर गेली तरी टायरच्या वाटेतली धार निघून जाते. शेवटच्या तीस अंशांत सगळ्यात जास्त रंग तडकतात.

९. त्याच दिवशी सील करा. चीर दिसो न दिसो, दुमडीवर झिंक प्रायमर, सांध्याला सीलर, वर टच-अप. लायनर बसवताना जुने स्क्रू आता खाली लोंबत असतील आणि टायरला लागतील, तिथे चपट्या डोक्याचे वापरा किंवा ती क्लिप सोडून द्या.

१०. चाक बसवा, नट चांदणीच्या क्रमाने आवळा, गाडी खाली टेकवून मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने पक्के करा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

पैसे मोजायचे तर कुणाला

माझं तडकलेलं मडगार्ड घेऊन मी डेंटरमामांकडे गेलो. त्यांनी गुडघ्यावर बसून रेघेवर अंगठा फिरवला. ‘बोल्टवरचं आहे म्हणून वाचलात,’ म्हणाले. ‘मागचं असतं तर रंग कुठे संपवायचा तेच कळलं नसतं, वर पार काचेपर्यंत न्यावा लागला असता.’ मग मागची दोन किती घ्याल विचारलं, तर त्यांनी हातोडी आणि पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा, म्हणजे डॉली, दाखवली. ‘हे ठोकून करून देईन, पण पेंट जाणार. पेंट वाचवायचा असेल तर ते मशिनवाले बघा.’ गिऱ्हाईक सोडून देणाऱ्याचा सल्ला मी ऐकतो.

हातोडी-डॉलीचं काम वाईट नसतं, पण ते रंगकामासकट धरून चालायचं. रंग वाचवायचा असेल तर पेंटलेस डेंट काढणारे कारागीर बघा, रंग न तडकू देता पत्रा हलवणं हेच त्यांचं रोजचं काम आहे. किंवा सस्पेन्शन आणि चाकांचं काम करणारं एखादं दुकान, ज्याच्याकडे हबवरचा रोलर आहे.

फोनवर दर विचारण्याआधी चार गोष्टी विचारा. रोलर हबवर बसतो का, की पाइपाने करता? तापमान कशाने मोजता? ‘अंदाज असतो हो’ असं उत्तर आलं तर माझं लाल मडगार्ड आठवा. मागच्या सांध्याला सीलर परत भरता का आणि तो बिलात धरलाय का? रंग तडकला तर खर्च कुणाचा? शेवटच्या प्रश्नाला चांगला कारागीर आधी गाडी बघायला मागतो. जुनी लांबी, आधीचा रंग, गंज यांची पाहणी केल्याशिवाय हमी देणाऱ्यापेक्षा ‘या जागी तडकू शकतं’ असं बोट ठेवून सांगणारा मला जास्त भरवशाचा वाटतो. काम सुरू होण्याआधी चारही कमानींचे जवळून फोटो काढा आणि ते त्याच्यासमोर काढा.

खर्चाची तुलना करताना लोक कारागिराच्या मजुरीसमोर शून्य मांडतात. घरी करताना रोलरचं भाडं, हीट गन, थर्मामीटर, प्रायमर, सीलर, दोन सुट्या आणि चुकलं तर एका पॅनलचा रंग, एवढं मांडावं लागतं. रोलर उसना मिळाला आणि गन घरात असली तर पुढच्या दोन चाकांना घरचं काम स्वस्त पडतं. मागच्या दोघांचा हिशेब मी केला तेव्हा तो कधीच जुळला नाही.

गाडी परत आल्यावर कणीक पुन्हा मळा. तेच चौघे, त्याच बॅगा, तोच खराब रस्ता. मग जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की आठवड्याभराने चारही दुमडींवरून पांढरा ओला कपडा फिरवा. कपड्यावर तांबूस रेघ आली तर त्या जागी सीलर सुटलाय, तो खरवडून नव्याने भरा. माझ्या डाव्या मडगार्डवर अजून टच-अपची चतकोर बांगडी आहे, कपडा तिथेच सगळ्यात आधी फिरतो.